पाचपट विजेचा आकडा

मी एक जुने गणकयंत्र आहे. लोखंडी अंग, वर आकड्यांची चाके, बाजूला मूठ. ती पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. १९७४ साली मी वसईच्या एका वीज कार्यालयात होतो. माझी मूठ फिरवत त्या चंद्रकांताबाई.

मित्रांनो, त्या वर्षी डिझेल फार महागले होते. पंधरा वर्षांनी देशाला किती वीज लागेल, याचा अंदाज दिल्लीला हवा होता. प्रत्येक तालुक्याने आपला आकडा पाठवायचा होता.

"दुप्पट धरा आणि मोकळ्या व्हा," कार्यालयाचे प्रमुख चोरघेसाहेब म्हणाले.

त्याच दिवशी केळीच्या वाडीवाल्या आग्नेसबाई वीजजोडणीचा अर्ज घेऊन आल्या.

"विजेची मोटर मिळाली तर काय कराल?" चंद्रकांताबाईंनी विचारले.

"डिझेलचं इंजिन मोडीत काढीन, बाय! वाडी जगेल, पोरी शिकतील. आमच्या आळीत सगळ्यांनाच मोटर पायजे."

मग अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बाई तेच विचारू लागल्या. महिनाभर माझी चाके फिरत राहिली. उत्तर आले, पाचपट!

साहेब हसले. बाई हलल्या नाहीत. "साहेब, दुप्पट धरली तर या लोकांचा नंबर कधी लागणार?"

साहेबांनी कागद पुढे ओढून सही केली.

दोन वर्षांनी आग्नेसबाईंची मोटर सुरू झाली. त्यांनी कार्यालयात वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी वाटली. चंद्रकांताबाईंच्या बोटांचा चिकट गोडवा कितीतरी दिवस माझ्या मुठीवर होता. काय दिवस होते ते!

पुढे खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि मी कपाटावर गेलो. तिथूनच मी १९८९ साल पाहिले. टायपिस्ट फ्लॉसी धावत आली. "बाई, बरोब्बर पाचपट! पेढे द्या!"

बाईंनी ग्राहकांची यादी मागवली. पानामागून पान इमारती, पाण्याचे पंप, लिफ्ट. वाड्यांच्या मोटरी थोड्याच उरल्या होत्या. आग्नेसबाईंच्या नावापुढे लिहिले होते, 'जोडणी बंद. विहीर खारट. वाडी विकली.'

"आकडा बरोबर आला, फ्लॉसी," बाई हळूच म्हणाल्या, "पण ज्यांच्यासाठी मांडला, ती माणसं यात नाहीत गं. इतकं पाणी उपसलं तर विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरेल का, हे मी कुणाला विचारलंच नाही."



पुढच्या अंदाजाचे कोरे पत्रक आले, तेव्हा बाईंनी त्यात पट्टीने एक जादा रकाना आखला, 'गोड्या विहिरी किती?' वरच्यांनी तो वाचला की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, वीज जपून वापरा आणि पाणी त्याहून जपून. वीज कमी पडली तर आणखी तयार करता येते. खारट झालेली विहीर पुन्हा गोड झाल्याचे मी तरी अजून ऐकलेले नाही.