हक्कसोडीची साडी

फाटकाची कडी वाजली आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. नुकताच झोपलेला गंधार पाळण्यात चुळबुळला. नीरजाने एका हाताने दोरी ओढली, दुसऱ्या हातातले कागद उशीखाली सरकवले. बाळ झोपलं की तेवढ्यात निकालाचे दोन परिच्छेद लिहून काढायचे, हीच देऊळगाव राजाच्या या न्यायाधीशबाईंची सध्याची सवड.

दारात राजकुमार होता, तिचा धाकटा भाऊ. जालन्याकडच्या गावाहून मोटरसायकलवर आलेला, केसांत धूळ. मोठी लेक गार्गी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. त्याने तिला पेरू दिला, नीरजाच्या हातात साडीची पिशवी ठेवली. चहा होईपर्यंत आईचे गुडघे, शेजारच्यांचं बांधकाम, सगळं बोलून झालं. मग तो मुद्द्यावर आला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. बहिणींनी हक्कसोडीवर सही करायची, जमिनीतला हिस्सा भावाला द्यायचा आणि साडीचोळी घेऊन आनंदाने परतायचं, ही गावाची रीत. आत्यांनीही तेच केलं होतं.

“एक दिवस रजा टाक, ताई. तुला काय कमी आहे? तू तर जज.”

नीरजाच्या डोळ्यांसमोर परवाची रेणुकाबाई उभी राहिली. भावाविरुद्ध वाटणीचा दावा, पुरावा पक्का, निकाल तोंडावर आलेला, आणि बाई दावा काढून घ्यायला उभी. कोणाचा दबाव आहे का, असं नीरजाने नियमाप्रमाणे विचारलं. पुन्हा विचारलं. बाईने मान वर केली नाही.

“नाही साहेब, राजीखुशीनं. पोरीचं लगन हाय. मामाच तिच्या मांगं उभा नाही राह्यला, त लोकं काय म्हनतीन?”

मागच्या बाकावर भाऊ मिशीत हसत होता. नीरजाला ‘स्वखुशीने’ असंच लिहावं लागलं. नोकरी लागल्यापासून हा शब्द तिने किती बायकांच्या नावापुढे लिहिला असेल! दर वेळी पेन खाली ठेवताना तिला स्वतःचीच चीड येई. खुर्ची होती, कायदा होता, आणि समोरची बाई हात जोडून हक्क परत करत होती.

“मी सही नाही करणार, राजू,” ती म्हणाली. “जमीन तूच कस. पण सातबाऱ्यावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव राहील.”

राजकुमार आधी हसला. “मग काय, माझ्यावर वॉरंट काढतीस का?”

ती हसली नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आई अंथरूण धरील, शिकलेल्या बहिणी अशाच निघतात, असं बरंच बोलला. तिने त्याला थांबवलं नाही आणि आपला शब्दही मागे घेतला नाही.

“मग माहेर विसर, ताई. अन् गार्गीच्या लग्नाला मामा दुसरा शोध.”

त्याने साडीची पिशवी उचलली. चहा तसाच राहिला. गार्गी गाडीमागे फाटकापर्यंत धावली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

गार्गी परत आली तेव्हा गंधार जागा झाला होता. बहिणीला बघून तो बोळक्या तोंडाने हसला. तिने त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं.

“आई, मोठा झाल्यावर हा पण माझ्यावर असाच रागवेल?”