टेकाडाची पलीकडची बाजू

लोकांचे चेहरे काढणं हा माझा धंदा आहे आणि चेहऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आलेला आहे. कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या बसस्टँडसमोर ‘नागनाथ फोटो स्टुडिओ’ अशी पाटी दिसते, ते नाव वडिलांचं. त्यांच्या माघारी मी, बुद्धरत्न, तिथं बसतो. हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका. परीक्षेच्या फॉर्मला, सोयरिकीला, दुबईला निघालेल्यांच्या पासपोर्टला. या गावातून जो जो लांब गेला त्याचा फोटो मी काढला आणि मी स्वतः, दोनदा दीक्षाभूमीला नागपूरला गेलो तेवढं सोडलं तर, एकीकडं सोलापूर आणि दुसरीकडं हैदराबाद, याच्यापुढं गेलेलो नाही. हे मी कुरकुरीच्या सुरात सांगतोय, असं वाटलं तर बरोबरच वाटतंय.

स्टुडिओत वडिलांनी रंगवून घेतलेला एक पडदा होता. निळं आभाळ, बर्फाचे तीन डोंगर, खाली तळं. लहानपणी मी विचारलं होतं, “अप्पा, हे कुठं हाय?”

“हिमालयात.”

“तुमी बघितलाव?”

“रंगवणाऱ्यानं तरी कुठं बघितलंय!” म्हणून ते हसले होते. मला हसू आलं नाही. तेव्हापासून मला ते डोंगर बघायचेत. नुसते बघायचेत असं नाही, पहाटेचा पहिला उजेड त्यांच्यावर पडतो तेव्हा कॅमेरा लावून समोर उभं राहायचंय. चौपन्नाव्या वर्षीही हे आठवलं की छातीत दुखल्यासारखं होतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नाही.

तोवर म्हणून मी आमच्याच मुलखात फिरतो. रविवारी स्टुडिओला कुलूप, मोटरसायकलला कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधायचं आणि निघायचं. बिदरकडची लाल माती, पावसाळ्यानंतर भरलेली तळी, पिवळ्या फुलावर आलेली तूर, ज्वारीच्या कणसांवर बसलेली धुई, म्हणजे दाट धुकं. लोक विचारतात, “रानात काय काढायलाव? इथं काय हाय?” मी तिकाटणं मांडायला घेतो. तीन तास एका जागी उभं राहिल्यावर ढगातून उजेडाची एक पट्टी निघते, शेतावरून सरकत जाते आणि दोन मिनिटांत संपते. ती दोन मिनिटं मला मिळतात. परत येताना मी गाणी म्हणत येतो आणि आठवडाभर कुणाच्याही हनुवटीवर चिडत नाही. माझी बायको पंचशीला हेच बघून मला रविवारी घरात थांबू देत नाही. “जावा बाबा,” म्हणते, “न्हाई तर सोमवारी गिऱ्हाइकं पळून जातील.”

गेल्या वर्षीच्या येळवसेचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, ज्याची ही गोष्ट आहे तो फोटो. त्या दिवशी आमच्याकडं गावं रिकामी आणि रानं भरलेली असतात. कडब्याची कोप करायची, पाच दगड मांडून पूजा करायची आणि भज्जी, उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. मला शेत नाही. माझे जुने स्नेही अंबाजी, दर वर्षी मी त्यांच्या शेतात जातो. उमरग्याच्या रस्त्याला, अगदी सीमेवर त्यांचं रान आहे. तीन एकरांची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये आणि विहिरीपलीकडच्या दीड एकराचा सातबारा मराठीत. विहिरीपाशी उभं राहिलं की मोबाइलला कळत नाही आपण कुठल्या राज्यात आहोत, मग तो दर पाच मिनिटाला नवीन स्वागत करतो.

सगळे यायच्या आधी, उजाडायला मी बांधावर कॅमेरा लावला होता. समोर उत्तरेला एक टेकाड आहे, माथ्यावर एकच कडुलिंब. पंधरा वर्षं मी ते काढत होतो आणि पंधरा वर्षं त्याचं काहीतरी बिघडत होतं. त्या दिवशी खाली धुई अशी भरली की शेतं, बांध, विजेचे खांब सगळं बुडालं. उरलं फक्त टेकाड. मग उजव्या हाताला सूर्य आला आणि टेकाडाची एक कड पेटली. सहा फोटो काढले, त्यातला चौथा तो होता. मला माहीत होतं तो आहे.

कलबुर्गीच्या एका निसर्गप्रेमी मंडळानं स्पर्धा ठेवली होती. विषय: कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांतली निसर्गदृश्यं. पहिलं बक्षीस: हिमालयात दहा दिवस, सोबत जाणता छायाचित्रकार. मी फोटो पाठवला आणि पंचशीलेला सांगितलंसुद्धा नाही, इतकी मला त्याची हाव होती. महिन्यानं फोन आला की पहिलं बक्षीस तुम्हाला. मी स्टुडिओचं शटर खाली ओढलं आणि आत बसून रडलो. बाहेर एक जण शटर वाजवत होता, त्याला अर्जंट दोन कॉपी हव्या होत्या.

पंचशीलेनं भावाकडून जाड जाकीट मागून आणलं. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. मी फोटोची एक मोठी प्रत काढून बक्षिसाचं सांगायला अंबाजींकडं गेलो, त्यांच्या बांधावरून काढलेला म्हणून. अंबाजींनी तो लांब धरून बघितला आणि घरात हाक मारली. त्यांच्या पत्नी गीताबाई पीठ माखलेल्या हातानंच बाहेर आल्या. मी त्यांना अक्का म्हणतो. फोटो बघून त्या खालीच बसल्या.

“आमचं सटवाईचं टेकाड की वो हे,” म्हणाल्या. “ह्याच्या मागंच माझं माहेर. पळसवाडी.”

“मागं? मागं तर महाराष्ट्र लागतंय न्हवं, अक्का?”

“टेकाडच महाराष्ट्रात हाय,” अंबाजी म्हणाले. “तुमचे पाय कर्नाटकात व्हते, अण्णा. बांध संपला की पलीकडं उमरगा तालुका.”

मी म्हटलं, कसं शक्य आहे? महाराष्ट्राच्या स्वागताची पाटी तर रस्त्यानं टेकाडाच्या बरीच पुढं लागते. अंबाजी हसले. रस्त्यापाशी सीमा पुढं आहे आणि इथं ती आत वळते, हे त्यांना वाडवडिलांपासून ठाऊक होतं. मला विचारायचं सुचलं नव्हतं. पंधरा वर्षं मी ज्याला आपल्या जिल्ह्याचं टेकाड समजत होतो, ते आपलं नव्हतंच, म्हणजे फोटो स्पर्धेत बसतच नव्हता.

माझा चेहरा बघून अंबाजी म्हणाले, “कामून तोंड पाडलाव? टेकाडाला काय कुणी आधार कार्ड मागायलंय व्हय? गप बसा आन् जाऊन या.”

गीताबाईंचं लक्ष आमच्याकडं नव्हतं. त्या टेकाडावरून करंगळी फिरवत होत्या, पीठ लागू नये म्हणून फोटोपासून अधर धरून. “बावीस वर्षं झाली,” म्हणाल्या. “आई गेली, भाऊ पुण्याला गेले. आता बोलावणारं कोण हाय?” टेकाड त्यांच्या रानातल्या घरातून दिसत होतं. पायवाटेनं तासाभराची वाट. पण बोलावल्याशिवाय बाई माहेरी जात नाही आणि तिथं बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, “अण्णा, फोटोखाली नाव लिवतेत न्हवं? आमच्या टेकाडाचं नाव लिवा बरं. कुणाला तरी कळू द्या.”

मी हो म्हटलं. सवयीनं म्हटलं.

कलबुर्गीच्या हॉलमध्ये माझा फोटो सगळ्यांत मोठा करून लावला होता. खालची पाटी कोरी होती. परीक्षक वीरभद्रप्पा, निवृत्त चित्रकला शिक्षक, माझा हात हातात धरून कन्नडमध्ये म्हणाले, “आपल्याच जिल्ह्यात अशी जागा आणि आम्हाला पत्ता नाही! नाव लिहून द्या, पाटी लगेच करून घेतो.” आणि पेन पुढं केलं.

येताना बसमध्ये मी ठरवून आलो होतो की निंबर्ग्याजवळ असं लिहायचं. निंबर्गा आपल्याच तालुक्यात, कोण शोधायला जाणार? मी ‘निं’ लिहिलं. वर फोटोकडं बघितलं. पंधरा वर्षं ज्याच्यासाठी हिवाळ्यात उभा राहिलो, त्याच्याखाली दुसरंच नाव लिहायचं, म्हणजे आपल्याच लेकराचं नाव शाळेत खोटं सांगण्यासारखं होतं. मला स्वतःचाच भयंकर राग आला. गीताबाईंचाही आला, खोटं कशाला सांगू. मी ‘निं’ खोडलं आणि लिहिलं: सटवाईचं टेकाड, पळसवाडी, तालुका उमरगा.

वीरभद्रप्पांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. हळूच म्हणाले, “हे मी बघितलं नाही असं समजू. दुसरा कागद देऊ का?”

“नको, सर. मी उभा आपल्या हद्दीत होतो, टेकाड पलीकडचं आहे.”

“माणूस फोटो काढत होता ती जागा आपली आहे, असंही म्हणता येईल.”

“नियमात दृश्य म्हटलंय, सर. पाय म्हटलेलं नाही.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिथं मला रडू आवरणं जड गेलं. बक्षीस बिदरच्या मैलूरमधल्या विजयश्री नावाच्या मुलीला गेलं. तेवीस वर्षांची असेल. ती उड्या मारत होती. तिचा फोटो चांगला होता, हेसुद्धा मला आवडलं नाही.

घरी सांगितल्यावर पंचशीला दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बक्षीस मिळालं तरच जायचं, असं हाय का?”

“तिथलं बोलावणं यावं लागतं,” मी म्हणालो. “आलं होतं, गेलं.”

ती पोळ्या लाटायला लागली.

मंडळानं मोठा फोटो परत दिला होता. मी त्याच्याखाली नाव नीट लिहिलं आणि एका दुपारी गीताबाईंना नेऊन दिला. त्यांना लिहिता-वाचता येतं. त्यांनी नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. अंबाजींनी बक्षिसाचं विचारलं तेव्हा मी नकारार्थी मान हलवली आणि ते समजले.

“पलीकडून असं दिसत न्हाई हे,” गीताबाई म्हणाल्या. “आमच्या दारातून दोन शेंडे दिसतेत. मधी खळगा हाय. त्यात सांच्याला सावली भरती.”

पंधरा वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की त्याला दुसरी बाजू असेल. “ते काढायला पाहिजे,” मी म्हणालो. कॅमेरा मोटरसायकललाच होता. “वाट दाखवायला कुणी भेटंल का?”

गीताबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अंबाजी जमिनीकडं बघत म्हणाले, “तू जा की. फोटोवाल्याला ती वाट गावायची न्हाई. कामाचं हाय.”

त्या आत गेल्या. मला वाटलं चप्पल घालायला गेल्या. वाट दाखवायला निघालेली बाई ठेवणीतलं इरकल नेसून, कुंकू लावून बाहेर आली.

त्या माझ्यापुढं चालत होत्या आणि मला धाप लागत होती. बांध ओलांडला, टेकाडाला वळसा घातला, ओढ्यात उतरून वर चढलो. वाटेत त्यांनी कुठंही थांबून आठवलं नाही, कुठं वळायचं ते. पळसवाडीच्या कडेला त्यांचं माहेरचं घर होतं, म्हणजे दोन भिंती आणि उंबऱ्याचा दगड. गीताबाई उंबऱ्यावर बसल्या आणि समोर बोट केलं.

दोन शेंडे होते. मावळतीचं ऊन उजवीकडून आलं होतं, दोन्ही माथे तांबडे आणि मधला खळगा निळ्या सावलीनं भरत चाललेला. मी ओळखलंच नाही हे माझं टेकाड म्हणून. कॅमेरा लावला. त्या उठून बाजूला व्हायला लागल्या, तसं मी म्हणालो, “बसा, अक्का. तुमी बसा तिथंच.” मी रानातल्या फोटोत कधी माणूस घेत नाही. त्या दिवशी घेतला.

सावली वर चढून शेंडे विझेपर्यंत मी फोटो काढत राहिलो. मग त्यांनी विचारलं, “तुमचं ते लांबचं जाणं माझ्यापायी ऱ्हायलं न्हवं?”

“माझ्यापायी ऱ्हायलं.”

“वाईट वाटायलंय?”

“लई वाटायलंय,” मी म्हणालो. आवाज फुटला तो फुटलाच.

त्यांनी मला थोडा वेळ रडू दिलं. “तिथं तुमचं कोण हाय, अण्णा?”

“कुठं?”

“त्या बर्फाच्या डोंगरात.”

“कुणी न्हाई.”

“मग कोण बोलावणार वो तुमाला?” त्या म्हणाल्या. “मी बावीस वर्षं वाट बघितले. तासाची वाट हाय बघा.” आणि उंबऱ्यावर हात फिरवायला लागल्या.

मी तिकाटणं मिटलं नाही. आधी फोन लावला. पंचशीलेनं उचलला, मागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मे महिन्यात स्टुडिओ बंद ठेवायचाय,” मी म्हणालो. “आपण दोघं जायलाव. हिमालयात.”

“आता कुणी बोलावलं?”

“कुणी न्हाई,” मी म्हणालो.