भुरीच्या राखेचा पिपा

मित्रांनो, पत्र्यालाही भीती वाटते हे तुम्हांला पटणार नाही. पण मी तेलाचा एक जुना, गंजका पिपा आहे आणि जन्मभर घाबरतच आलो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. पंधरा किलो तेल पोटात घेऊन कोहमाऱ्याच्या नाक्यावरच्या एका ढाब्यावर आलो. तेल संपलं तसं कौतुकही संपलं, आणि मला मागच्या उकिरड्यावर टाकून दिलं. लोक नको झालेली मांजरं पोत्यात घालून तिथं आणून सोडत. दिवसभर धडधडणारे ट्रक आणि उष्ट्यावर टपलेली कुत्री. एकही मांजर आठवडाभर टिकल्याचं मी पाहिलं नाही.

२००७ साली खुशालनं मला घरी नेलं. हा राईस मिलमध्ये हमाली करायचा. त्याच्या दहा वर्षांच्या मोनालीची भुरी नावाची मांजर होती. कुत्र्यांनी तिचा मागचा पाय मोडल्यापासून तिचं बाहेर जाणं बंद झालं होतं. मग सगळी घाण घरातच, तीही धानाच्या पोत्यांमागं. मोनालीची आई अंजना स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक.

"मोना, कायले ठेवून राहिली ह्या मांजरीले? आणखी एकडाव घरात घाण केलन, तं पोत्यात घालून कोहमाऱ्याले सोडून देईन!"

कोहमारा म्हणताच माझा पत्रा थरारला. तिथं मांजरांचं काय होतं ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

मग खुशालनं भुरीच्या घाणीसाठी मला आडवं कापलं आणि धारदार कडा ठोकून वळवल्या. मिलच्या भट्टीत जळलेल्या धानाच्या भुशाची राख माझ्यात भरली. राख उडू नये म्हणून मोनालीनं मागं पुठ्ठा उभा केला आणि भुरीचे पाय पुसले जावेत म्हणून खाली गोणपाट अंथरलं. रोज सकाळी ती ओले गोळे पळीनं उचलून भोपळ्याच्या वेलाखाली पुरायची. महिन्याभरानं अंजना माझ्याजवळ आली, नाकानं हुंगलं आणि म्हणाली, "आता वास नाई येऊन राहिला." एवढं कौतुक मला तेल भरलेलं असतानाही मिळालं नव्हतं.

राखेचा एक नियम होता. खुशाल लोखंडी बादलीतून राख आणायचा. ती राख आधी अंगणात पसरायची, पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्या दिवशी भरायची. पण पुढच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला मामा यायचे होते. नुकत्याच सारवलेल्या अंगणात काळी राख कोण पसरणार? मोनालीनं वरून बोट लावून पाहिलं. राख गार होती. तिनं सगळी बादली माझ्यात रिकामी केली, आणि पांढरे कपडे घालून सगळे विहारात वंदनेला गेले.

थोड्या वेळानं माझ्या पोटात ऊब जाणवली. मग चटका बसला. राखेच्या तळाशी विस्तव जिवंत होता! खालचं गोणपाट करपायला लागलं. हातभर अंतरावर धानाची पोती, मागं पुठ्ठा. मला ओरडायचं होतं, पण तापलेला पत्रा टणकन वाजला तेवढंच.

आणि भुरी लंगडत आली.

येऊ नको ग बाई, येऊ नको, असं मी मनात म्हणत होतो. तिनं एक पाय राखेत टाकला आणि झटकन काढून घेतला. केविलवाणं ओरडत माझ्याभोवती फिरली. शेवटी नाइलाजानं ती पाहुण्यांसाठी अंथरलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसली. माझा जीव अर्धा झाला. आता तिचा कोहमारा ठरलेला होता.

मामांसोबत सगळे परतले. चादर पाहून अंजनाचा पारा चढला.

"पाहुण्याच्या चादरीवर! बस झालं आता. पोतं आण, मोना!"

"आई, थे असी नाई करत वो! काहीतरी झालं असन!" मोनाली रडत म्हणाली.

"अन् हा पिपाही फेकून देईन!" म्हणत अंजनानं मला दोन्ही हातांनी धरलं.

तिची किंचाळी मी आजही विसरलो नाही. खुशालनं धावत येऊन अख्खा माठ माझ्यावर उपडा केला. फसफसून वाफ निघाली. गोणपाटाला ताटाएवढं भोक पडलं होतं.

"वरून थंडी दिसते, पोटात इस्तो रायते," खुशाल पळीनं तळ उकरत म्हणाला. "तिनं चादर भिजवली नसती, तं इकडं कोनं पाहिलं असतं? घर गेलं असतं, अंजना."

अंजनानं भाजलेली बोटं पाण्यात बुडवली. मग तिनं खिरीची वाटी घेतली आणि खाटेखाली लपलेल्या भुरीपुढं सरकवली. कोहमाऱ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आता माझा तळ पार झिजला आहे. मोनाली शिकायला गोंदियाला गेली. म्हातारी भुरी अजून माझ्याकडंच येते. राख अंजना भरते, आणि भरण्याआधी हात थेट तळापर्यंत घालून पाहते. तिच्या दोन बोटांवर पांढरे डाग आहेत. ते मी दिलेले आहेत, आणि त्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, मांजरीनं जागा सोडून घाण केली, तर पोतं शोधण्याआधी तिच्या जागेत एकदा हात घालून बघा. तिला बोलता येत नाही, आणि मलाही येत नाही.