हैबतीचा खडा

"आज हत्यार उचलायचं नाही, हैबती. दसरा झाला की ये," मुरारी तांबट म्हणाला. "तुझं नळकांडं झालंय. झाकणाला आटे पाडायचे तेवढे राहिलेत."

हैबती महाडात मुरारीच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. "का? आज काय हाय?"

"खंडेनवमी! कुठल्या मुलखात राहतोस रे तू?"

प्रश्न थट्टेचा होता, पण मुंबई सोडून घरी आल्यापासून हैबती कुठल्या मुलखात राहतो, हे पोलादपुरात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. पन्नाशी उलटलेला माणूस, शेताकडे फिरकत नाही, देवळात बसत नाही. माजघरात तारा जोडत बसतो.

मुंबईत तो एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायला होता. दम्याने नोकरी सुटली तेव्हा तिथल्या साहेबांनी भंगारातली एक काचेची नळी आणि सुपारीएवढा पारदर्शक खडा त्याला देऊन टाकला. मातीतून, दगडातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. असा किरण खड्यात शिरला की आत बारीकशी चमक होते, नळी ती टिपते आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये टक्क वाजतं. साहेब लोकांचं हे काम बघून बघून हैबतीला पाठ झालं होतं. मोटारीच्या जुन्या बॅटरीवर त्यानं ते घरी जमवलं. लग्नातल्या गॅसबत्तीची जुनी जाळी जवळ नेली की लाह्या फुटाव्यात तसा कडकडाट होई.

शेजारचा भागोजी एकदा ऐकायला आला. "गाणं लागंल काय ह्येच्यावर?" नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेला. पुन्हा कुणी आलं नाही. हैबतीला मात्र त्या टकटकीचा आधार वाटायचा. एवढ्या मोठ्या घरात आपल्याशी कुणीतरी बोलतंय, असं वाटायचं.

अडचण एकच होती. नळीला उजेड सोसत नाही आणि खड्याला ओल. आणि हा राहतो कुठे, तर पोलादपुरात, जिथे श्रावणात मीठसुद्धा बरणीत बसल्या बसल्या पाणी सोडतं. दुधाच्या पावडरचा डबा मेण लावून दोन पावसाळे पुरवला. तिसऱ्याला त्यानं दगा दिला. म्हणून हे पितळी नळकांडं. ते होईपर्यंत खडा काढून बुचाच्या बरणीत, चुन्याच्या कळ्यांवर ठेवला होता. चुना ओल खातो. दुसरा खडा या जन्मी मिळणार नव्हता.

"बस की. प्रसाद घेऊन जा," मुरारी म्हणाला.

हैबतीनं आत पाहिलं. हातोडे, ऐरणी, कात्र्या, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. धुऊनपुसून! घरी बायकोही आज हेच करत असणार. प्रसाद न घेताच तो एस. टी. कडे पळत सुटला.

घरी साळूबाई दारातच उभी होती. न्हालेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. लग्नानंतरची सारी वर्षं तिनं इथे काढली आणि त्यानं मुंबईत. आता एका छपराखाली आल्यावर बोलायचं काय, हे दोघांनाही उमजत नव्हतं. "वाढू?" "वाढ." एवढ्यावर दिवस निघायचा. आज मात्र ती आपणहून बोलत होती.

"या, बगा तरी! दरवर्सी नांगर न् कोयता पुजते. ती काय तुमची हत्यारं हायत? तुमची ही. कदी कुनी पुजलीच नाय."

पाटावर त्याची पक्कड होती, तारांची भेंडोळी होती, हेडफोनला झेंडूची माळ होती.

"बॅटरीच्या पेटीला हात नाय लावला, झटका बसतो म्हनला व्हतात. लांबूनच कुंकू टाकलं."

"आन् बरनी?"

"बरनीचं काय म्हनला नव्हतात." तिचा आवाज उतरला. "खड्याला समदा चुना लागलेला. म्हटलं, देवाम्होरं असा कसा ठेवू? दुदानं न्हाऊ घातला, मंग पान्यानं. तर धुता धुता बारीकच व्हाया लागला. भ्याले मी. पुसून ठेवला."

विड्याच्या पानावर हरभऱ्याएवढा, दुधाळ, चिकट गोळा होता. त्यावर कुंकवाचं बोट.

हैबतीच्या तोंडाशी शिवी आली. ती बाहेर पडली असती तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण साळूबाई पदराचं टोक धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि इतक्या वर्षांत त्याच्या या कामाला कुणी फूल वाहिलं असेल तर ते हिनं. खड्याला पाणी चालत नाही, हे सांगायला चार शब्द लागले असते. ते त्यानं कधी खर्चलेच नव्हते.

"बिगाडला काय?" तिनं विचारलं.

"नाय गो. तो आसाच व्हतो. ब्येस झाली पूजा."

हे बोलताना त्याला रडू येत होतं. ते त्यानं खोकल्यावर नेलं.

दसऱ्यानंतर तो महाडला जाऊन नळकांडं घेऊन आला. नळी आत बसवली, आटे फिरवले, कडेनं मेण ओतलं. काम झकास झालं होतं. आत ना उजेड शिरत होता, ना ओल. खड्याची जागा तेवढी रिकामी होती. तशी नळी नुसतीही मधूनच एखादं टक्क करते, उगाच.

त्या दिवसापासून तिन्हीसांजा झाल्या की तो हेडफोन लावून बसू लागला. साळूबाई चुलीपाशी असायची.

"वाजतंय?" ती विचारायची.

"वाजतंय की."

मग त्याला नीट ऐकू यावं म्हणून ती जेवणाच्या पितळ्या एकीवर एक ठेवताना मध्ये पदर धरी आणि हातातल्या बांगड्या मागे कोपराकडे सारी. हैबती कानांवर हेडफोन तसाच ठेवून, डोळे मिटून, ती आवाज न करता करत असलेलं काम ऐकत बसे.