नऊ नंबरचे हात

शेपटाचा पत्रा उचकटला तसा आतून आधी गाळ पडला, मग एक मेलेला खेकडा, आणि त्यानंतर खणकन पाना. ठोकबाईनं तो जाड चिंधीनं पुसला. मुठीवर आकडा कोरलेला होता. एक.

ठोकबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसभर विमानाच्या पत्र्यांवर रिव्हेट ठोकायची म्हणून कारखान्यानं ते दिलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या पाकिटावर खरं नाव दिसलं तर ती स्वतःच क्षणभर थबकायची. कारखान्याच्या जुन्या हँगरचं आता संग्रहालय होत होतं. देशात बनलेलं पहिलं विमान तिथे जोडून उभं करायचं आणि ज्यांनी ते बनवलं त्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या भिंतीवर लावायच्या, असा बेत होता. ते विमान पहिल्याच उड्डाणात पडलं होतं. पुढचा भाग धावपट्टीच्या टोकाला जळाला, शेपूट तुटून तळ्यात गेलं, आणि बेचाळीस वर्षांनी पाणी आटलं तेव्हा कोळ्यांच्या जाळ्यात अडकलं.

हा पाना त्या शेपटात, विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी जिथे फिरते, नेमका तिथे पाचरीसारखा बसलेला होता. एकदा तो तिथे सरकून अडकल्यावर देवानं जरी विमान चालवलं असतं तरी त्याचं नाक वर आलं नसतं. ठोकबाई तिथेच गाळात बसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण नंबर एक कोणाचा हे त्या आवारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

आता हे नंबरांचं प्रकरण सांगायला हवं. हँगरमध्ये प्रत्येक कामगाराला एक नंबर आणि एक फळा असे. फळ्यावर प्रत्येक हत्याराची सावली काळ्या रंगानं काढलेली. हत्यार खिळ्याला टांगलं की सावली झाकली जायची, नसलं की भोकासारखी दिसायची. विमान बाहेर काढण्याआधी वस्ताद, म्हणजे सगळ्यांचा मुकादम, मधोमध उभा राहून नंबर पुकारायचा. ज्याचा नंबर त्यानं फळा बघून ओरडायचं, 'पूर्ण.' कोणी 'कमी' म्हणाला तर हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही, मग बाहेर राजा उभा असो की आणखी कोणी. चोख पद्धत. फक्त एक गोम होती, आणि ती इतकी समोर होती की कोणाला दिसलीच नाही. वस्तादाचा स्वतःचा नंबर एक, आणि पुकारणारा तोच. त्यामुळे हजेरी नेहमी दोनपासून सुरू व्हायची. स्वतःला कोण हाक मारतो?

त्या दिवशी दोनपासून बावीसपर्यंत सगळे पूर्ण होते. विमान उडालं, झाडाच्या उंचीवर गेलं, आणि नाक खाली घालून जमिनीत घुसलं. सगळे धावले. नऊ नंबर, म्हणजे ठोकबाईचा बाप, हातात पत्रा कापायची कातर होती तशीच घेऊन धावला. धुरात कोण कुठे आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. त्यानं आत हात घालून वैमानिकाचा पट्टा कापला, त्याला काखेत धरून ओढला, आणि ओढून काढलं तेव्हा कळलं की माणूस कमरेपर्यंत जळून गेलेला आहे. वैमानिकानं नऊ नंबरच्या मांडीवरच जीव सोडला. कातर आगीत राहिली.

संध्याकाळी वस्तादानं पुन्हा हजेरी घेतली. नऊच्या फळ्यावर कातरीची सावली उघडी. झालं! उड्डाणाआधी खोटंच 'पूर्ण' म्हणून विमानात हत्यार विसरणारा सापडला. नऊ नंबर सांगत होता की कातर मी नंतर नेली, वैमानिकाला सोडवायला नेली. पण ज्यांचा मित्र कोळसा होऊन बाहेर निजला होता त्यांना ऐकायचं नव्हतं, मारायचं होतं. कोणीतरी मागून त्याच्या डोक्यावर ताडपत्री टाकली. लाथा, पाइप, पट्टे, जे हाताला लागेल ते. दात पडले, बरगड्या मोडल्या. मग वस्तादाचा आवाज आला, "याचे हात पुन्हा विमानाला लागता कामा नयेत." त्यांनी त्याला कामाच्या बाकाशी नेलं, हात लाकडावर पसरले आणि एकेक बोट हातोड्यानं ठेचलं. ताडपत्रीखाली तो आधी ओरडत होता, मग आकडे मोजत होता, सातनंतर मोजायचा थांबला. त्या वेळी ठोकबाई वर्षाची होती.

तेव्हापासून त्या घरात आई एक घास लेकीला भरवायची आणि एक नवऱ्याला. ठोकबाई बारा वर्षांची असताना आई गेली, आणि भरवायचं काम लेकीकडे आलं. सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं लावायची, मगच स्वतःची वेणी. बाबांची बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडीतिकडी, एकही मिटायचं नाही. ती हट्टानं त्याच कारखान्यात पत्राकामाला लागली. लोक म्हणाले, नऊ नंबरची पोर, बापानं माणूस मारला आणि ही आली मिरवायला. तिनं मूग गिळले. बाबा मात्र रस्त्यात जुन्यांपैकी कोणी भेटलं की थांबायचे, तब्येत विचारायचे, नातवंडांची चौकशी करायचे. तिला ते बघवायचं नाही. अशा वेळी तिला वाटायचं, या माणसाचा बोटांबरोबर पाठीचा कणाही ठेचला की काय.

पाना घेऊन ती संचालकांकडे गेली. संचालक म्हणजे गोड बोलून काम टाळण्यात हातखंडा असलेला माणूस. त्यांनी पाना उलटापालटा करून पाहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की वस्ताद आता चौऱ्याऐंशीचे आहेत, चार दिवसांवर समारंभ आहे, भिंतीवर वैमानिकाच्या खालोखाल पट्टी त्यांचीच आहे, 'पहिल्या विमानाचे शिल्पकार', तेव्हा हे सगळं नंतर सावकाश बघू. तिनं विचारलं, भिंतीवर नऊ नंबरची पट्टी लागेल का? संचालक म्हणाले, तुमच्या भावना मी समजू शकतो. म्हणजे नाही. तिनं पाना उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

बाबांना तिनं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, समारंभाला यायचं. ते नको नको म्हणत होते. ती हटून बसली. बाप सत्तरीत, छातीत कफ, आणखी किती दिवस? त्याचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत त्या भिंतीवर लागलं पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

समारंभ सकाळी होता. हँगर झाडून पुसून लख्ख केलेलं. मंचाच्या मागे जुने फळे पुन्हा रंगवून लावलेले, एका बाजूला तोच जाड लाकडी बाक, 'मूळ बाक' अशी पाटी लावून. पुढच्या रांगेत जुने कामगार, कोणी काठीवर, कोणी कानात यंत्र घालून. बाबा शेवटच्या रांगेत, हात शालीखाली. कार्यक्रमात एक टूम अशी काढली होती की वस्तादाच्या नावाची पट्टी ठोकबाईनं सगळ्यांसमोर ठोकायची. तशी ती हातोडा घेऊन वर गेली. वस्ताद खुर्चीत बसले होते, गळ्यात हार, चेहऱ्यावर ते थकलेलं समाधान.

तिनं पट्टी भिंतीला लावली नाही. ती बाकावर ठेवली, लोकांकडे वळली आणि पुकारलं, "दोन."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून आपोआप निघालं, "पूर्ण."

लोक हसले, टाळ्या पडल्या. कार्यक्रमाचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं. वस्तादसुद्धा मान डोलावत होते. तिनं पुढचे नंबर पुकारले. जे हयात होते ते उत्साहानं ओरडत होते, जे गेले होते त्यांच्या नंबरला टोप्या उतरत होत्या. मग ती म्हणाली, "नऊ."

टाळ्या थांबल्या. मागून कापऱ्या आवाजात आलं, "कमी." आणि मग, "कातर त्याचा पट्टा कापायला नेली होती."

एवढंच तर ते बेचाळीस वर्षांपूर्वी ताडपत्रीखालून सांगत होते.  ठोकबाईनं खिशातून पाना काढून बाकावर आपटला आणि वस्तादाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"एक," ती म्हणाली. "हा तळ्यातल्या शेपटात होता, फळीच्या सांध्यात अडकलेला. एक नंबर, सांगा."

वस्तादांनी पान्याकडे बघितलं. त्यांनी ओळखला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, नाही म्हणाला असता तर अर्ध्या लोकांनी मानलंही असतं. पण आयुष्यभर ज्यानं हजेरी घेतली त्याला हजेरीला खोटं बोलता आलं नाही.

"कमी," ते म्हणाले. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माझ्या फळ्यावर पान्याची सावली उघडी होती. नऊची कातर नाही हे दिसलं, म्हणून कोणी माझ्या फळ्याकडे बघायच्या आत मी त्याला घाईनं पुकारलं."

पुढे जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. ज्यांना मंचाची पायरी चढायला दोन माणसं लागत होती ते म्हातारे स्वतःहून वर चढले. पहिली काठी दोन नंबरची पडली, वस्तादाच्या कानावर. हार तुटला. खुर्ची उलटली. कोणी लाथ घालत होतं, कोणी नुसतंच शिव्या देत थुंकत होतं, एकजण रडत रडत बुक्क्या मारत होता आणि म्हणत होता, माझ्याकडून पाप करवलंस रे. स्वतःच्या बेचाळीस वर्षांचं खापर फोडायला त्यांना आज एक डोकं मिळालं होतं. संचालक माइकवरून शांत राहा, शांत राहा म्हणाले आणि पडद्यामागे पसार झाले. वस्तादाच्या नाकातोंडातून रक्त आलं. त्यांना फरफटत बाकाशी नेलं, उजवा हात लाकडावर पसरला, दोन नंबरनं मनगट दाबून धरलं. मग सगळ्यांनी ठोकबाईकडे बघितलं, कारण हातोडा तिच्याकडे होता.

तिला वाटलं होतं हात थरथरेल. कसलं काय! रोज दोन हजार ठोके घालणारा हात तो. समोर बोटं दिसत होती, म्हातारी, सुरकुतलेली, पण सरळ. मिटणारी, बटण लावणारी, घास उचलणारी बोटं. तिनं दात-ओठ खाऊन हातोडा उचलला आणि मारला. तर्जनी मोडल्याचा आवाज तिनं ऐकला आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणून तिनं दुसरा मारला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा तिचं लक्ष समोर गेलं.

बाबा मंचाखाली येऊन उभे होते. शाल वाटेत कुठेतरी पडली होती. ते वस्तादाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. तिनं हातोडा खाली टाकला. दोन नंबरनंही मनगट सोडलं. वस्ताद बाकाला धरून घसरत खाली बसले आणि लहान मुलासारखे कण्हायला लागले.

ती खाली उतरली आणि बाबांना म्हणाली, आता सगळ्यांना कळलं, बाबा. आता तुमचं नाव लागेल.

"माझ्या डोक्यावर ताडपत्री होती," बाबा म्हणाले. "हातोडा कोणाच्या हातात होता ते मी पाहिलंच नाही. प्रत्येकाकडे बघून मनाशी म्हणायचो, हा नसेल. म्हणून या माणसांमध्ये जगता आलं मला." "आज तोंड दिसलं, पोरी. तुझं दिसलं."

पोलीस आले, जबाब झाले. वस्तादांनी इस्पितळातून सांगितलं की मी मंचावरून पडलो, बोटं बाकाखाली सापडली, कोणाचीही तक्रार नाही. बाकीच्यांनीही ब्र काढला नाही. या लोकांना आकडे पुकारता येत होते आणि गप्प बसता येत होतं. महिन्याभरात संचालकांनी स्वतःहून नऊ नंबरची पट्टी करून घेतली. ठोकबाईनं ती भिंतीवर लावली, चार कोपऱ्यांना चार रिव्हेट, एकही ठोका वाकडा गेला नाही. बाबांना तिनं बघायला बोलावलं. ते म्हणाले, बघेन केव्हातरी.

पण हे सगळं नंतरचं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बाबांच्या खोलीत गेली. ते खाटेवर बसले होते, अंगात शर्ट, आणि दोन्ही मनगटांमध्ये शर्टाची कड धरून वरचं बटण काजात ढकलत होते. बटण निसटत होतं. गळ्याला ओरखडे आले होते, म्हणजे बराच वेळ चाललं असावं. ती पुढे झाली, जशी रोज व्हायची, आणि हात लांब केले. बाबांनी मान मागे घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "मी लावतो."

ती दारात उभी राहिली. कारखान्याचा भोंगा झाला तरी पहिलं बटण लागलं नव्हतं.