आत्यांची सहामाही

टाकीच्या अंगाला बसवलेल्या काचेच्या नळीत पाणी दुसऱ्या खुणेच्या किंचित खाली उभं होतं. वच्छलाने वाकून डोळे नळीच्या समपातळीत आणले आणि पुन्हा एकदा पाहिलं. वरून पाहिलं की आकडा चुकतो, हे ती शाळेत मुलींना दरवर्षी सांगायची. एकेक खूण पाच लिटरची, लाल रंगाने तिनेच आखलेली. सकाळी सोलापूर सोडताना पाणी सहाव्या खुणेवर होतं. चौघांचं पिणं आणि चहा मिळून चार लिटर झाले असतील. मे महिन्याचं ऊन कितीही कडक असलं, तरी झाकण लावलेल्या टाकीतून उरलेलं सोळा-सतरा लिटर पाणी उडून जात नाही.

"अगं, पाणी आणतेस ना?" बाहेरून नवऱ्याने, कुंडलिकने हाक मारली.

गाडीच्या तोंडातून वाफ निघत होती. बॉनेट उघडून तो हात लांब धरून उभा होता. रेडिएटरच्या जाळीला कुठेतरी बारीक चीर गेली होती आणि खाली मातीत थेंब पडत होते. वच्छलाने घड्याळ लावून मोजले: मिनिटाला सत्तरच्या आसपास.

ही गाडी म्हणजे लिलावातली जुनी अँब्युलन्स. गिरणीच्या यंत्रखात्यात काम करणाऱ्या कुंडलिकने दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून तिच्यात दोन बाकं, एक घडीचं टेबल, स्टोव्हचं कपाट आणि ही टाकी बसवली होती. खरं तर ती बनवली होती त्याच्या आईसाठी, रंभाबाईंसाठी. एस.टी.त बसून त्यांची कंबर धरायची. इथे त्यांना आडवं होता येत होतं. सांगोल्यात आईला थोरल्या भावाकडे, महिपतीदादांकडे सोडायचं आणि तिथून पुढे लेक मुक्तासह आठ दिवस पन्हाळा, कोल्हापूर असं हिंडायचं, असा बेत होता. बारा वर्षांच्या मुक्ताने वहीत गावांची नावंसुद्धा क्रमाने लिहून ठेवली होती.

आईला सोडायचं, म्हणजे सहामाही बदलायची. सासरे गेल्यावर चार वडीलधाऱ्यांनी बसून ठरवून दिलं होतं: दिवाळी ते अक्षय तृतीया धाकट्याकडे सोलापुरात, अक्षय तृतीया ते दिवाळी थोरल्याकडे सांगोल्यात. त्याला तीन वर्षं झाली. कुणी वाईट वागवत नव्हतं. पण दर वेळी घर बदललं की पहिले पंधरा-वीस दिवस रंभाबाई पहाटे उठून चुकीच्या दिशेला दार शोधायच्या. सांगोल्यात दार डाव्या हाताला होतं, सोलापुरात उजव्या. मागच्या दिवाळीनंतर अंधारात त्या भिंतीवर आपटल्या आणि भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, या वयात माणसाला हलवू नये. त्या दिवसापासून वच्छलाच्या मनात एकच वाक्य तयार होतं आणि ते तिने कुणालाही म्हणून दाखवलं नव्हतं.

न म्हणण्याची कारणं तिला नीट ठाऊक होती. एक तर महिपतीदादा. आईला ठेवून घेतलं म्हणजे थोरल्याला नालायक ठरवलं, असंच ते धरून बसतील. कुंडलिक त्याच भीतीने गप्प होता. दुसरं कारण तिच्या स्वतःपुरतं होतं आणि तेच जास्त जड होतं. आत्या, म्हणजे सासूबाई, सांगोल्याला गेल्या की मधली खोली रिकामी व्हायची. तिथल्या टेबलावर तपासायचे पेपर उघडे ठेवता यायचे, सकाळी साडेपाचला दुसऱ्या चहाचं आधण ठेवावं लागायचं नाही, संध्याकाळी शाळेतून आल्यावर दहा मिनिटं कुणाशी न बोलता बसता यायचं. ते सहा महिने ती मनातल्या मनात मोजत असे.

ती टाकीतलं कळशीभर पाणी घेऊन खाली उतरली. कुंडलिकने ते ओतलं. पाणी वर चढताच थेंबांची धार झाली आणि पाच मिनिटांत त्यातलं निम्मं जमिनीत गेलं.

"आणखी आण."

"उरलंय ते प्यायला लागेल."

"तीस लिटर भरलं होतं मी. स्वतः." त्याने नळीकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर पदर डोक्यावर ओढून बसलेल्या आईकडे. "आई, पाणी कुठं गेलं?"

रंभाबाई बाहेर बघत राहिल्या.

"आई."

"दिलं की."

"कुणाला?"

"मगाशी भाकरी खायाला थांबलो न्हवं का. त्या खडी फोडणाऱ्या बायकांस्नी." त्यांनी मान वळवली. "त्यास्नी वाटलं, दवाखान्याची गाडी आली. एक लेकरू घिऊन आली व्हती. लेकराच्या व्हटावर पापुद्रं. म्या काय सुई टोचनार? पानी दिलं."

"एका लेकराला सोळा लिटर?"

"लेकराची आय तेवढी एकलीच आलीया व्हय कामावर? मागं रांग लागली."

मुक्ता खुदकन हसली. कुंडलिकने तिच्याकडे पाहिल्यावर तिने वही तोंडापुढे धरली.

"सरकारनं टँकर लावायच्या ऐवजी तुलाच फिरवायला हवं होतं," तो म्हणाला. "आता इथं बसा. अर्ध्या रस्त्यात. तू आणि तुझी रांग."

"मी पाहिलं होतं," वच्छला म्हणाली. "पुढच्या आरशातून. तेव्हा बोलले नाही."

"का?"

बोलायला हवं त्या वेळी न बोलण्याची तिला सवय झाली होती, एवढंच. कुंडलिक बॉनेटच्या सावलीत जाऊन बसला.

साडेअकरा झाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं होती आणि त्यांत काही नव्हतं. पेरलेलं नाही, कापलेलं नाही, नुसती भेगाळलेली काळी जमीन. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. मुक्ता बाकाखाली ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपली. वच्छलाने आत्यांना अर्धा पेला पाणी दिलं. त्यांनी त्यातलं निम्मं ठेवलं.

"प्या, आत्या. आहे अजून."

"ऱ्हाऊ दे. कुंडलिकाला दे. ऊन बाधंल त्येला. रागानं आनखी ज्यादा बाधतं."

दीडच्या सुमाराला मंगळवेढ्याकडून टँकर आला. ड्रायव्हर चाळिशीचा, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. न सांगताच थांबला, उतरला, रेडिएटरखालची ओली माती बोटाने चाचपली.

"मकदूम म्हणतात मला," तो म्हणाला. "पाणी मागू नका, साहेब, आधीच सांगतो. मागं आहे ते एका गावाचं. बाया घागरी लावून बसल्यात. दोन बादल्या कमी भरल्या, तर माझ्या डोक्यावर फोडतील."

"मी मागितलं नाही," कुंडलिक म्हणाला.

"तोंडावर दिसतंय की. माझा स्वतःचा डबा आहे, त्यातलं देतो. पण भोक बुजवल्याबिगर पाणी घालणं म्हंजे रस्त्यावर सडा. हळद आहे का?"

"हळद? गिरणीच्या यंत्रखात्यात आहे मी, असलं कधी ऐकलं नाही."

"स्वैपाकातली. आख्खा मुलूख त्याच्यावर चालतोय, साहेब. तुमच्या गिरणीत शिकवलं नाही वाटतं."

कुंडलिकला हे लागलं. वच्छलाने स्टोव्हचं कपाट उघडलं, चिमूटभर मिळाली. तेवढ्यात रंभाबाईंनी पायाशी धरलेलं गाठोडं सोडलं. त्यात दोन लुगडी, देवाची डबी, चष्म्याचं घर, चुलीवर भाकरी उलटायचं त्यांच्या हाताचं उलथणं आणि पुरचुंडीत बांधलेली पावशेर हळद. प्रत्येक सहामाहीला त्या आपल्या हातची हळद बरोबर न्यायच्या. दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला नको, म्हणायच्या.

मकदूमने तळहातावर पाणी घेऊन घट्ट गोळा मळायला सुरुवात केली. रंभाबाई पायरीवर येऊन बसल्या.

"घट कर आनखी. लाडवावानी."

"व्हय, आज्जी. कुटं निघाला?"

"म्या कुटं निघती? सा म्हैनं भरलं की निघवत्यात मला."

"गाव कुठलं तुमचं?"

"आता कुटलं म्हनू? सोलापुरात आसलं की सांगोल्याची म्हनत्यात, सांगोल्यात आसलं की सोलापूरची. दोनीकडं पावनीच." त्या अगदी सहज बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "लेकं चांगली हायत बरं. सुनाबी. कुनी उपाशी ठेवत न्हाय."

मकदूमने मान हलवली. तो गोळा मळत राहिला. वच्छला तीन हातांच्या अंतरावर त्याचा पाण्याचा डबा धरून उभी होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

गोळा रेडिएटरमध्ये गेला, वरून पाणी गेलं. इंजिन चालू ठेवून सगळे खाली वाकून बघत राहिले. पिवळे थेंब आधी भराभर पडले, मग रेंगाळले. गरम पाण्यात हळदीतलं पिठूळ फुगून चिरेत बसत असणार, असं वच्छला मुक्ताला म्हणाली. थेंब मिनिटाला अकरावर आले, मग चार. मग तिने मोजणं सोडलं.

"आता ऐका," मकदूम पंच्याला हात पुसत म्हणाला. "हे कायमचं नाही. तासभर, सव्वा तास ओढेल. बंद करू नका. इथनं सोलापूर तेवढंच आणि सांगोला तेवढंच, पाचेक किलोमीटरचा फरक असेल. मधे विचार बदलाल तर दोन्हीकडचे जाल. कुठं जायचं ते ठरवून मग गियर टाका."

पैशाचं नाव काढल्यावर त्याने हात जोडले आणि टँकर घेऊन निघून गेला.

कुंडलिक स्टिअरिंगवर बसला. इंजिन धडधडत होतं. "सांगोलाच बरं," तो समोर बघत म्हणाला. "दादा वाट बघत असेल. तिथं मिस्त्री बघू, मग पुढं पन्हाळा." पण गियर टाकला नाही. तो थांबला होता. तो गेले सहा महिने असाच थांबला होता, हे तिला आता स्पष्ट दिसलं. वाक्य तिने म्हणावं आणि आपण ते ऐकून घेतल्यासारखं करावं, म्हणून.

वच्छला मागे वळली. "आत्या, तुम्हाला कुठं राहायचंय?"

रंभाबाईंनी गाठोड्याची गाठ पुन्हा मारली. "म्या बोलले तर एका लेकाला लागंल. आय आसून कसं बोलू? तू बोल. त्या दोघांतलं तुला कुनी आय म्हनत न्हाय."

मुक्ताने वही मिटून मांडीवर ठेवली होती. पन्हाळा बहुधा राहणार, हे तिला कळलं होतं. वच्छलाला मधल्या खोलीतलं टेबल दिसलं, त्याच्यावरचे पेपर, साडेपाचचं आधण, आणि पुढची सगळी वर्षं, एकापुढे एक. ती थकली होती, आणि हे थकणं आज संपणारं नव्हतं, हेही तिला नीट कळत होतं.

"गाडी सोलापूरकडे वळवा," ती म्हणाली. "आत्या आता आपल्याकडेच राहतील, बारा महिने. महिपतीदादांना पत्र मी लिहीन, माझ्या सहीने."