अँब्युलन्सच्या दारावर बसलेला आत्मा

गॅरेजच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. अँब्युलन्सचं मागचं, वर उघडणारं दार त्याला वर तोलून धरणारे नवे गॅस शॉकर बसवूनही चार दिवसांत धाडकन खाली येत होतं. काल तर ते मिस्त्रीच्या मनगटावर आदळलं. मालक ज्यांच्या शब्दाबाहेर नसत त्या महाराजांनी निदान केलं, गाडीत मेलेल्यांचे आत्मे दारावर बसतात, आणि त्यांना ओढून आणतो तो स्टोअर सांभाळणाऱ्या ताईचा पायगुण!

ताई कोपऱ्यात उभी होती. आज महाराजांच्या हाताने दार टिकलं की तिची नोकरी गेली, असं मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

महाराजांनी स्टोअरमधले दोन शॉकर निखाऱ्यांवर धरले. "सुटा, मृतात्म्यांनो! गॅसमधून सुटा, ग्रीसमधून सुटा!" बडबडीला शेंडा ना बुडखा. मिस्त्रीने ते फडक्यात धरून बसवले. दार वर गेलं आणि वरच राहिलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"निघा आता, ताई," मालक म्हणाले.

"निघते. पण ते शॉकर गार होईपर्यंत थांबू द्या. तापलेला गॅस जोर करतो."

महाराज खदखदून हसले. "दैवी शक्तीला थर्मामीटर लावणार का, बाई?"

लोकही खिदळले. ताईच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं, पण ती जागची हलली नाही.

अर्ध्या तासाने दार कुरकुरलं, झुकलं आणि आदळलं. पळणाऱ्यांत महाराज सगळ्यांत पुढे होते.

ताईने शॉकरचा खोका आणून त्यावरचा बाण दाखवला. "दांडी खाली करून ठेवायचे, असं इथे छापलंय. मग आतलं तेल दांडीजवळच्या रबरी सीलवर राहतं, सील सुकत नाही. मी तसेच ठेवत होते. गेल्या वर्षी 'तोंड आकाशाकडे हवं' असं महाराज म्हणाले आणि तुम्ही सगळे शॉकर उलटे करायला लावलेत. सील सुकलं, गॅस गळाला. आणि वर विस्तवावर धरता? एखादा शॉकर फुटला असता म्हणजे महाराजांचाच आत्मा दारावर बसला असता!"

मिस्त्रीने मान खाली घातली. मालक घसा खाकरून म्हणाले, "पटलं, ताई. उद्यापासून दांडी खालीच ठेवू. पण माणसं बिथरलीत हो. तुम्ही काही दिवस घरीच थांबा."

"म्हणजे माझं म्हणणं हवं, मी नको?" ताईने खोका मालकांच्या हातात दिला. "खरं काय ते कळायला अर्धा तास लागला, मालक. तेवढाही धीर तुम्हाला नव्हता. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर थांबा, स्वतः तपासून बघा, आणि मगच कुणाच्या पोटावर पाय द्या."